कंटाळो इलो?

अख्ख्या लालबाग-परळात मुलांना कंटाळा आणण्याचं काम आमच्या शाळेच्या कार्यानुभवाच्या बाईंइतकं मनापासून कोणी केलं नसेल. बाकीचे शिक्षकही कंटाळा आणतात, पण त्यांच्या हातून ते नकळत होतं. बाई ठरवून आणतात. त्यांचं म्हणणं असं, "आवड काय, कोणालाही असते. कुठल्या कामातला कंटाळा आपल्याला झेपतो ते बघायचं. तेच आपलं काम." म्हणून नववीतल्या पोराने 'मला अमुक व्हायचंय' म्हणायचा अवकाश, बाई त्या कामातला सगळ्यात रटाळ भाग शोधून काढणार, शुक्रवारच्या शेवटच्या तासाला त्याला तिथे नेऊन बसवणार आणि बऱ्याच वेळाने, एरवीचं शुद्ध मराठी बाजूला ठेवून, घरच्या मालवणीत विचारणार, "काय रे, कंटाळो इलो?"

आमच्या वर्गातल्या एकाला टीव्ही बघून शेफ व्हायचं होतं. बाईंनी त्याला गिरगावातल्या एका खानावळीत लसणाच्या ढिगापुढे बसवलं. ढीग अर्धा झाल्यावर तो म्हणाला, "बाई, मला फक्त खायला आवडतं." बाईंनी त्याला तिथेच जेवू घातलं आणि वर्गात त्याचं जाहीर कौतुक केलं, कारण एवढं कळायला कित्येकांचं अख्खं कॉलेज जातं. मला वकील व्हायचं होतं. कोर्टाच्या बाकावर बसून मी 'पुढची तारीख' इतक्यांदा ऐकलं की सरळ चळवळीत आले. इथे निदान तारखा आपण ठरवतो. चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपात मात्र आमच्यातली एक मुलगी कानशीने पितळेचा तुकडा घासत होती, तिला बाईंचा प्रश्न ऐकूच आला नाही. बाईंनी तो परत विचारला नाही.

आता दुसरीकडे काय चालतं तेही सांगते, कारण ते बघून माझं डोकं फिरतं. दादरला हॉल घेऊन करिअर मेळावे भरतात. कोटातला माणूस 'मोठी स्वप्नं बघा' म्हणतो आणि पोरं फुकटचं पेन घेऊन घरी जातात. याला मार्गदर्शन म्हणायचं? अशाच एका मेळाव्यात बाई उठून उभ्या राहिल्या. "सर, तुमच्या कामात सगळ्यात कंटाळवाणं काय?" तो माणूस खरं बोलला. "हेच भाषण." नंतर दोघं बाहेर चहा पीत उभे होते आणि त्याने कोट काढून हातावर घेतला होता.

या वर्षी शाळेने बाईंचा तो शुक्रवारचा तास गणिताला द्यायचं ठरवलं. हा सरळसरळ अन्याय होता. मी पत्रकं छापली, 'कार्यानुभवाचा तास वाचवा', आणि पालकसभेच्या दिवशी फाटकात उभी राहिले; मग माजी विद्यार्थिनी म्हणून आत जाऊन मागे बसले. सभेत एक वडील तावातावाने म्हणाले, "माझ्या मुलाला डॉक्टर व्हायचंय. त्याला दवाखान्यात बँडेजं गुंडाळायला कसलं बसवता?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "बसवते. तुम्ही काय काम करता?"

"औषध कंपनीत आहे."

"त्यात कंटाळवाणं काय?"

ते खाली बघत म्हणाले, "डॉक्टरांच्या दाराबाहेर बसून राहणं. कधी कधी संध्याकाळपर्यंत."

मुलगा शेजारीच होता. "पप्पा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

मग एकेक जण बोलू लागला. कोणी दिवसभर सह्या जुळवतं, कोणी फोनवर दुसऱ्यांच्या शिव्या ऐकतं. पोरं आपापल्या आईबापांकडे नवीन माणसं आल्यासारखी बघत होती. शिपाई दिवे घालवायला आला तरी कोणी उठेना. मला वाटलं, तास वाचला.

सोमवारी वेळापत्रक लागलं. शुक्रवार, शेवटचा तास: गणित.

मी भडकून पुन्हा पत्रकं छापली आणि शनिवारी बाईंच्या चाळीच्या गॅलरीत घड्या घालत बसले. बाई शेजारी बसल्या आणि घड्या घालू लागल्या. कडेला कड, नखाने दाब. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आता शुक्रवारी शेवटच्या तासाला मला काहीच काम नसतं गं. स्टाफरूममध्ये बसून असते." ढीग अजून बराच होता.

"काय गो," बाईंनी विचारलं, "कंटाळो इलो?"

"नाही."

"मगे बरा," म्हणाल्या, आणि पुढची घडी घातली.