पाच मशीन आणि लाल पाणी

"ती नाय सर, कोपऱ्यातली. ती तुमची हाय," शाळेच्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या.

मी कोपऱ्यात पाहिलं. पाणी शुद्ध करण्याच्या पाच मशीन भिंतीवर रांगेने टांगलेल्या होत्या. शेवटच्या मशीनवर खरोखरच आमच्या कंपनीची पाटी होती. आत खडू ठेवले होते. आणि मी सहावी मशीन द्यायला आलो होतो.

मी तारापूरच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स मॅनेजर. त्या वर्षी सीएसआर माझ्या गळ्यात पडलं. सीएसआर म्हणजे कंपनीने नफ्यातला थोडा भाग समाजासाठी खर्च करायचा. मिटिंगमध्ये "कोण बघणार?" असं प्लँट हेड साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नेमका समोसा घ्यायला उठलो होतो.

शाळा निवडायची आमची पद्धत सोपी. गाव डोंगराकडचं पाहिजे, रस्ता डांबरी पाहिजे आणि कार्यक्रम उरकून साहेबांना जेवायला केळव्याच्या समुद्रकिनारी पोचता आलं पाहिजे. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या बाकी कंपन्याही असाच विचार करतात. त्यामुळे सगळ्यांना फिरून फिरून हीच शाळा सापडायची.

मुख्याध्यापक बाई त्याच पाड्यातल्या. मी विचारलं, "मशीन चालत का नाहीत?"

"बोअरचा पानी लाल येतो, सर. फोटो काढल्यावर दोन म्हैने चालतात, मंग बंद. आता सातवीच्या पोरी उताराखालच्या विहिरीवरून पानी आनतात. दोन खेपा. गणिताचा तास तितंच जातो. आन परीक्षा तोंडावर आली."

हे त्या हसत सांगत होत्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्क्रू-ड्रायव्हर गाडीत होताच. मशीन उघडल्या. पाचही फिल्टर तांबड्या गाळाने तुंबलेले. पाण्यात लोह होतं. अशा पाण्याला हवा लागली की लोह गंजतं आणि त्याचा गाळ होतो. तो आधी काढला नाही तर कितीही महाग मशीन द्या, गुदमरणारच. पाच कंपन्यांनी मशीन दिल्या, पाणी कुणी तपासलं नाही. माझ्या प्लँटमध्ये असं कुणी केलं असतं, तर मी त्याला मेमो दिला असता.

उपाय साधा होता. एका ड्रममध्ये खडी आणि रेती भरायची, वरून भोकं पाडलेल्या पाइपातून पाणी सोडायचं, म्हणजे त्याला हवा लागते. गाळ रेतीत अडकतो, स्वच्छ पाणी मशीनला जातं. पाच बंद मशीनचे पार्ट काढून एक चालू मशीन जोडायची. रेती मात्र दर महिन्याला धुवायची.

मी ऑफिसला येऊन प्लँट हेड साहेबांना सगळं सांगितलं. नवीन मशीन नको, मला दोन रविवार आणि एक फिटर द्या म्हणालो.

"म्हणजे आपण दिलं काय?"

"वेळ, साहेब."

"वेळेवर लोगो कुठे लावायचा?"

माझी सटकली. "सहावी दिली तर डस्टर ठेवायची सोय होईल. पोरी विहिरीवरच जातील."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "उद्घाटन होईल ना?"

"होईल."

फिटर यादव प्लँटजवळच्या सालवडहून टूलकिट घेऊन आला. एकीचा पंप, दुसरीची टाकी, आमच्या मशीनचा नळ. "सर, किडनी इसकी, लिवर उसका," म्हणत त्याने दुसऱ्या रविवारी मशीन चालू केली. पाणी काचेसारखं आलं. बाईंनी एक ग्लास पिऊन पाहिला आणि दुसरा भरला.

उद्घाटनाला साहेब आले आणि रिबिनीपाशीच थबकले. बाईंनी पाचही कंपन्यांच्या पाट्या ड्रमवर ओळीने ठोकल्या होत्या.

"हे काय?" साहेबांनी मला दबक्या आवाजात विचारलं.

"सगळ्यांचे पार्ट हायेत ना साहेब, मंग सगळ्यांची नावं नको?" बाईंनीच उत्तर दिलं.

साहेबांनी रिबीन कापली. चार प्रतिस्पर्ध्यांच्या पाट्यांसह फोटो पेपरात छापून आला. आठवड्याभरात उरलेल्या चारही कंपन्यांचे बाईंना फोन: आमचंही नाव आहे, आम्हालाही फोटो पाहिजे.

बाईंनी सगळ्यांना एकच सांगितलं, "या की. आदी रेती धुवा, मंग फोटो."

तेव्हापासून दर महिन्याला एका कंपनीची पाळी असते. आमच्या पाळीला साहेब स्वतः आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घमेल्यात रेती खळबळत होते. सातवीचा गणिताचा तास चालू होता. खिडकीतून एक मुलगी ओरडली, "साहेब, आजून लाल हाय!" साहेबांनी मुकाट्याने दुसरं पाणी घेतलं.

सीएसआरच्या फॉर्मवर 'संस्थेची गरज' असा एक रकाना असतो. तो मी आता ऑफिसात बसून भरत नाही. जागेवर जाऊन नळ उघडतो, मग भरतो.