मायाळूचे शेंडे

"खुडा सर, खुडा. एक शेंडा खुडला का दोन फुटते," असं म्हणत मावशी अंगठ्याच्या नखानं मायाळूचा शेंडा टचकन तोडायच्या आणि ओच्यात टाकायच्या. तुमच्याही शाळेत अशी एखादी मावशी असेल.

आमच्या बेला गावच्या शाळेत त्या दुपारचं जेवण रांधायच्या. पालक उन्हात लगेच फुलावर येतो, म्हणून कुंपणाशी त्यांनी मायाळूच्या वेली लावल्या होत्या. मांडव नव्हता. प्रत्येक वेलीजवळ ज्वारीचे दोन दाणे टोचलेले आणि कडेला झेंडू. "ज्वारी कडेवर घेते, झेंडू राखन करते," त्या म्हणायच्या. पोरांच्या वरणात रोज हिरवं पान पडलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

आता माझं पाप सांगतो. तपासणीला अधिकारी येणार होते. शाळेत ज्वारी पाहून ते काय म्हणतील, या धास्तीनं रविवारी मी विळा नेऊन ज्वारी कापून टाकली. वेली चिखलात आडव्या झाल्या.

सोमवारी मावशींनी विचारलं, "कोनं केलं हे?"

माझ्या तोंडून निघालं, "बकरी शिरली असेल."

त्या ज्वारीचे तिरपे बुडखे बघत राहिल्या. "असन," एवढंच म्हणाल्या.

अधिकारी आलेच नाहीत. मायाळूची पानं मात्र चिखलात सडली आणि वरण पिवळं झालं. एका मुलीनं विचारलं, "मावशी, काऊन पिवळं?"

"बकरीले विचार."

मी ताटातून मान वर केली नाही.

पंधरा दिवसांनी मावशी वर्गाच्या दारात आल्या. "सर, खडू ठेवा. या लवकर!"

वेलीचं जे जे पेर ओल्या मातीला टेकलं होतं, तिथं मुळं धरली होती आणि लाल देठाचे कोंब वर आले होते. पोरं मोजायला लागली, मीही चिखलात गुडघे टेकून मोजायला लागलो. एका वेलीच्या अकरा! मावशींनी आधाराला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रोवल्या. आठवड्यात वरण हिरवं झालं.

गेल्या उन्हाळ्यात मावशी नेरडीगोंड्याला लेकीकडे कायमच्या गेल्या. निघताना त्यांनी माझ्या हातात ज्वारीची पुडी ठेवली. "टोचजा सर. अन् बकरी तिरपं कापत नाई बरं," म्हणून हसल्या. मी काही बोलण्याआधी ऑटो सुटला.

यंदा ज्वारी टोचली. वेली झपाट्यानं चढल्या. आज पहिला शेंडा खुडायला गेलो, तर शेजारची बकरी कुंपणातून मान घालून उभी होती. आधी तिला दिला.