कागद कोणी वाचला?

नानामास्तर वर्गात रोज एक तरी खोटं बोलत, आणि ते पकडलं गेलं नाही की संतापत. इंग्रजी शिकवायचे. मॅट्रिकच्या वर्गाला तेव्हा प्राचीन रोमवरचं एक शोकनाटक होतं. सत्ता एका हातात गेली म्हणून मित्रांनीच मित्राला भर सभेत भोसकलं, ते नाटक. मास्तर फळ्याजवळ उभे राहून अगदी गंभीरपणे सांगत, "त्या सत्ताधीशाला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं." पोरं लिहून घेत. दहा मिनिटं वाट पाहून मास्तर खडू टेबलावर आपटत आणि म्हणत, "डावा कान. पुस्तक समोर उघडं आहे, आणि एकानेही बघितलं नाही. उभे राहा सगळे." मग अख्खा वर्ग तास संपेपर्यंत उभा.

या माणसाला आमच्या धुळ्याने एका संध्याकाळी फितूर ठरवून गावाबाहेर काढलं. काढताना मी तिथे होतो. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी त्यांच्या आठवणीने गळा काढू लागलो तर वाचणाऱ्याने त्यावर फार विश्वास ठेवू नये. मला अजून राग येतो. गावाचा येतो, चिटणिसांचा येतो, आणि सगळ्यांत जास्त कोणाचा येतो ते पुढे येईलच.

मी त्या शाळेत मराठी आणि चित्रकला शिकवायला लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत नानामास्तरांनी मला नाव-गाव न विचारता प्रश्न टाकला, "रोममध्ये घड्याळाचे ठोके किती पडले?" मला कुठलं माहीत. ते म्हणाले, तीन. आणि वर म्हणाले, त्या काळी रोममध्ये ठोके देणारी घड्याळंच नव्हती, नाटक लिहिणारा चुकला आहे, तेव्हा छापलेलंही डोळे मिटून गिळू नका. हे खरं की त्यांचं रोजचं खोटं, ते मला कळेना. संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन दोन तास शोधलं. खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी तसं सांगितल्यावर त्यांनी आपला चहा अर्धा माझ्या बशीत ओतला. तेव्हापासून आमची गट्टी जमली.

त्यांचे प्रश्न असेच असायचे. मुकुट किती वेळा नाकारला? अंगावर वार किती? खुनाच्या आदल्या रात्री बायकोला स्वप्नात काय दिसलं? जमावाने चुकून मारलेला तो कवी, त्याचा गुन्हा काय? पोरं वैतागायची. पेपरात विचारतात पात्राचा स्वभाव, आणि हे कान नि ठोके मोजत बसतात, अशी सगळ्यांची तक्रार. मी एकदा त्यांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "स्वभावावर कोणीही चार पानं लिहील. कान कोणता, ते पुस्तक उघडल्याशिवाय सांगता येत नाही."

त्यांचा सगळ्यांत आवडता प्रश्न मृत्युपत्राचा होता. मेलेल्या माणसाचा मित्र व्यासपीठावर चढतो, एक कागद दाखवतो, हे मृत्युपत्र आहे म्हणतो, आणि घटकेपूर्वी खुन्यांचा जयजयकार करणारा जमाव त्यांचीच घरं जाळायला धावतो. मास्तर विचारत, तो कागद जमावातल्या किती जणांनी हातात घेऊन वाचला? उत्तर शून्य. हा तास चालू असताना दाराबाहेर स्टुलावर आमचा शिपाई धुडकू बसलेला असायचा. घंटा देणं हे त्याचं काम. शिंदखेड्याकडचा, अक्षरशत्रू, पण दरवर्षी हा प्रवेश आला की स्टूल दाराला आणखी चिकटवायचा. एकदा न राहवून त्याने आतच डोकं घातलं.

"मास्तर, बठ्ठा लोके येडा व्हतात का? एकनी बी सांगं नही, आधी कागद वाची दखाड?"

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. ते धुडकूला म्हणाले, "या वर्गात पहिला नंबर तुझा." पोरांना ती थट्टा वाटली. मलाही वाटली.

आता चिटणिसांबद्दल. शाळेच्या कमिटीचे ते चिटणीस, बोलायला गोड, भाषण करायला उभे राहिले की समोरच्याचे डोळे पाणवावेत असे. त्यांचा पुतण्या मॅट्रिकला होता. त्या वेळी शाळेची चाचणी पास झाल्याशिवाय मॅट्रिकचा फॉर्म भरू देत नसत. या पुतण्याने वर्षभर मास्तरांचा शब्द न् शब्द वहीत उतरवला होता, उभं राहून ऐकलेल्या दुरुस्त्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि ती वही पाठ केली होती. पुस्तक त्याने उघडलंच नव्हतं. चाचणीत त्याने उजवा कान लिहिला, तेहेतीसऐवजी तेवीस वार लिहिले, घड्याळाचे पाच ठोके दिले. मास्तरांचं वर्षभराचं सगळं खोटं त्या पेपरात एका जागी जमा झालं होतं. मास्तरांनी त्याला नापास केलं आणि फॉर्म अडवला.

चिटणीस शाळेत आले. पोराने तुम्ही सांगितलं तेच लिहिलं, असं त्यांचं म्हणणं. मास्तर म्हणाले, "तेच तर म्हणतो मी. मी सांगितलं, पुस्तकाने सांगितलं नव्हतं." खरं सांगायचं तर मला त्या दिवशी पुतण्याची कीव आली. पोराचं वर्ष गेलं, आणि शिकवणाऱ्याने मुद्दाम चुकीचं सांगावं हे काही मला सगळं पटत नव्हतं. मी मास्तरांना म्हणालोही, की या एकाला सोडून द्या. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तो हेकटपणा त्यांच्यात होता, आणि तो मी झाकून ठेवणार नाही.

ते दिवस सत्याग्रहाचे. आमची पोरं प्रभातफेरीत जायची, दोन जण तुरुंगात जाऊन आले होते, आणि सरकारने शाळेचं अनुदान अडवलं होतं. पोरांची नावं सरकारला कोणी कळवली, याची गावभर कुजबुज चाले. पालकांची वार्षिक सभा शाळेच्या पटांगणात भरली, दुपारी चार वाजता. चिटणीस बोलायला उठले. आधी देशावर बोलले, मग शाळेवर, मग तुरुंगात गेलेल्या त्या पोरांच्या आयांवर. बायका डोळे पुसायला लागल्यावर त्यांनी कोटाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढून उंच धरला. नानामास्तरांनी शाळाखात्याच्या इन्स्पेक्टर साहेबांना स्वतःच्या हाताने लिहिलेलं हे पत्र, असं ते म्हणाले. आणखी एक गोष्ट ते म्हणाले, की हे मास्तर तुमच्या मुलांशी रोज खोटं बोलतात, विचारा मुलांना. त्यांनी खरंच विचारलं. पोरांनी माना डोलावल्या, कारण ते खोटं नव्हतं.

पटांगण उसळलं. मास्तर उठून उभे राहिले आणि दोनच शब्द बोलले, "कागद वाचा." चिटणिसांनी कळवळून विचारलं, या आयांसमोर देशद्रोह मोठ्याने वाचायचा का? त्यावर मास्तरांचा आवाज कोणाला ऐकूच आला नाही. तेवढ्यात मागून धुडकू पुढे आला. घंटेचा हातोडा त्याच्या हातातच होता.

"भाऊ, वाची दखाडा ना तो कागद."

"तुला वाचता येतं का रे?" चिटणिसांनी विचारलं.

"माले येत नही, म्हनीसनच सांगस."

सगळं पटांगण खो खो हसलं. वकील हसले, व्यापारी हसले, मास्तरांच्या हाताखाली शिकून कचेरीत चिकटलेले पंधरावीस जण होते, तेही हसले. ज्यांनी तो प्रवेश वर्षभर घोकला होता, मृत्युपत्राच्या प्रश्नाला शून्य असं अचूक उत्तर लिहून गुण मिळवले होते, ते सगळे तिथे होते, आणि एकानेही हात पुढे केला नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला नोकरीत कायम व्हायचं होतं. मास्तरांना काढून टाकण्याचा ठराव मांडला गेला तेव्हा आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. मूग गिळून बसलो असतो तरी चाललं असतं. तेवढंही मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चाळीसगावच्या गाडीने मास्तर गेले. पाचोऱ्याला त्यांची विधवा बहीण होती, तिच्याकडे. ट्रंक धुडकूने डोक्यावरून स्टेशनावर नेली. मी गेलो नाही. त्याच दिवशी मला त्यांचा वर्ग मिळाला, आणि पुढच्या महिन्यात मी कायम झालो. पहिल्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, तुम्ही किती खोटं बोलणार?" मी म्हणालो, मी खोटं बोलत नाही. पोरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वह्या काढल्या. मी वर्षभर टिपणं सांगितली, त्यांनी ती उतरवली, निकाल उत्तम लागला आणि कमिटीने माझी पाठ थोपटली. त्या निकालाची आठवण झाली तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

चार वर्षांनी शाळा नव्या इमारतीत जायची म्हणून जुनी कपाटं उपसताना तो कागद मला सापडला. अक्षर मास्तरांचंच होतं. पत्र इन्स्पेक्टर साहेबांनाच होतं. चिटणीस तेवढं खरं बोलले होते. मास्तरांनी लिहिलं होतं, की मुलांना रोम कुठे आहे ते कळत नाही, तरी भिंतीवर लावायला युरोपचा एक मोठा नकाशा मिळावा. खाली कचेरीने शेरा मारला होता, नकाशा शिल्लक नाही, आणि पत्र शाळेकडे परत पाठवलं होतं. बस्स. एवढ्यासाठी एका माणसाची अकरा वर्षांची नोकरी आणि नाव गेलं.

मी रविवारी पाचोऱ्याला गेलो. दोन खोल्यांचं घर, ओट्यावर शिकवणीची पोरं. मास्तर वाळले होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला. वाटेत मी बरंच काही ठरवलं होतं. ते रडतील, मी रडेन, ते माझ्या खांद्यावर हात ठेवतील, असं. त्यांनी कागदाकडे नुसतं बघितलं.

"हा मला कशाला वाचायला आणलात?" ते म्हणाले. "तो मीच लिहिलाय. यात काय आहे ते मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना वाचून दाखवा."

मी क्षमा मागायला लागलो तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि आत वळून बहिणीला म्हणाले, "अक्का, पान वाढ." अक्कांनी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. जेवताना मास्तर माझ्या मुलीबद्दल, नव्या इमारतीबद्दल बोलत राहिले, त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर नाही. मी भाकरीचा तोच तुकडा ताटात फिरवत होतो, आणि अक्का भरीत झणझणीत झालं असेल म्हणून ताक घ्या, ताक घ्या करत होत्या. निघताना मास्तरांनी छातीठोकपणे सांगितलं, की परतीची गाडी सहाला आहे. मी सावकाश स्टेशनावर पोचलो तर गाडी पाचलाच गेली होती. सकाळी स्टेशनातल्या ज्या फळ्याखालून मी बाहेर पडलो त्याच फळ्यावर वेळ ठळक लिहिलेली होती. बाकावर तीन तास बसलो. आधी भयंकर चिडलो, मग एकटाच हसलो. पोर्टर माझ्याकडे बघून गेला.

धुळ्यात परतल्यावर मी दुसऱ्याच दिवशी तो कागद वाचायला हवा होता. नाही वाचला. आधी मुलीचं आजारपण होतं, मग माझं नाव हेडमास्तरकीसाठी चाललं होतं, आणि चिटणीस अजून चिटणीसच होते. योग्य वेळ आली की वाचू, असं मी म्हणत राहिलो. दोन वर्षं गेली. मग पाचोऱ्याहून अक्कांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं, नाना गेले.

गावाने शोकसभा घेतली. होय, त्याच गावाने, त्याच शाळेच्या नावाने, आणि अध्यक्ष चिटणीस. मतभेद झाले असतील, पण असा गुरू होणे नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली. लोकांनी रुमाल काढले. मी पुढे कसा गेलो मला आठवत नाही. खिशातून कागद काढला आणि वाचला, पहिल्या ओळीपासून कचेरीच्या शेऱ्यापर्यंत. नकाशा, एवढंच होतं यात, असं म्हणून थांबलो.

मग जे झालं त्याने मी खुश व्हायला हवं होतं. लोक उठले. ज्यांनी सहा वर्षांपूर्वी मास्तरांना फितूर म्हटलं होतं त्यांनीच आता चिटणिसांना खोटारडा म्हटलं. कोणीतरी वहाण भिरकावली. सत्तरीला आलेले चिटणीस टोपी हातात धरून मागच्या दाराने निघून गेले. माझा जयजयकार झाला. बायकांनी पोरांना माझ्या पाया पडायला लावलं. त्या गर्दीतून मी दारापर्यंत आलो तोवर शंभरेक हात माझ्या पायांना लागले असतील. कागद माझ्या उजव्या हातात होता, उघडा. मी तो सगळ्यांना दिसेल असा धरला होता, आणि मुद्दाम सावकाश चालत होतो. धुडकू पेन्शनीत निघून गावी गेला होता.

एकानेही तो मागितला नाही. मी वाचलं तेच त्यात लिहिलं आहे, असं सगळे धरून चालले. माझ्या हातात किराण्याची यादी असती तरी त्यांनी चिटणिसांवर वहाण फेकलीच असती.

कागद माझ्याकडेच आहे. धुळ्यातलं माझं घर सगळ्यांना ठाऊक आहे. अजून कोणी बघायला आलेलं नाही.