दाजींचा हिरवा तुकडा

अख्ख्या बीड जिल्ह्यात, आणि माझ्या अंदाजानं बालाघाटाच्या पलीकडंही, आमच्या दाजींइतका जागेचा पक्का माणूस दुसरा झाला नाही. कोणती गोष्ट कुठं व्हावी याबद्दल देवानं जे काही ठरवलं असेल ते दाजींनी एकदा तपासून घेतलं असणार आणि दोनचार ठिकाणी हरकत नोंदवली असणार. अक्काशी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीशी, त्यांचं लग्न लागलं तेव्हा हा नवरदेव घोड्यावरून वाकून वाजंत्र्यांना सांगत होता, "वाजवणाऱ्यांनी मोहरं, नाचणाऱ्यांनी मधी, रुसणाऱ्यांनी मागं." रुसणाऱ्यांत आमचे वडील होते. ते निमूट मागं गेले.

तरी तोवर हा नुसता स्वभाव होता. त्याचं शास्त्र झालं ते आमच्या तालुक्याच्या गावाची हद्द वाढली तेव्हा. दाजींचं घर आणि घरामागचं रान तोवर गावाबाहेर होतं, ते एका रात्रीत गावात आलं. नगरपालिकेत भिंतभर नकाशा लागला. राहण्याची जागा पिवळी, बाजाराची निळी, कारखान्याची जांभळी, शेतीची हिरवी. बाकीची माणसं जायची, आपला गट नंबर बघायची आणि चहाला जायची. दाजी मात्र त्या नकाशापुढं असे उभे राहिले की शिपायानं शेवटी त्यांच्यासकट दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा म्हणे हे त्याच जागी उभे होते. अक्का म्हणते की हे खोटं आहे, ते जेवायला घरी आले होते. अक्काला गोष्ट मारून टाकायची जुनी सवय आहे.

घरी आल्यावर दाजींनी चुन्याची बादली घेतली आणि सगळ्या घरात फक्कीच्या रेघा मारून झोन पाडले. ओसरी कमर्शियल, कारण दूधवाला, भाजीवाली आणि विम्याचा एजंट यांचे व्यवहार तिथं होत. मधली खोली रहिवासी. देवघर सार्वजनिक. गोठा अर्थातच हिरवा. आणि स्वयंपाकघर इंडस्ट्रियल, कारण धूर, आवाज आणि कामगारांचा असंतोष हे तिन्ही तिथून निघत. एकदा अक्का मधल्या खोलीत टीव्हीसमोर मेथी निवडत बसली होती. दाजी दारात येऊन उभे राहिले.

"हा वापरातला बदल हाय. परवानगी घेतली का?"

अक्का मान वर न करता म्हणाली, "आन् तुमी दुपारी वसरीवर घोरता ते? दुकानात झोपायची कोणची परवानगी हाय?"

संध्याकाळी दाजींनी ओसरीवरच्या आपल्या बाजेभोवती पिवळा पट्टा ओढला आणि 'मिश्र वापर' असं जाहीर केलं.

माझंही वर्गीकरण झालेलं होतं. मी गेलो की ओसरी आणि गोठा यांच्या मधल्या पट्टीत माझी सतरंजी पडे. मी विचारलं, "दाजी, मला हितं कावून?" तर म्हणाले, "मेव्हणे, तुमी ना-विकास क्षेत्र. नोकरी लागून इतकी वर्षं झाली, तुमच्यात एक वीट चढली न्हाई." गावातल्या एका पुढाऱ्याबद्दल त्यांचं मत होतं की याचं डोकं कधीच एनए झालंय, आता तिथं काही उगवायचं नाही, फक्त प्लॉट पडायचे. हे ते त्या पुढाऱ्याच्या तोंडावर बोलले. पुढारी खूश झाला. त्याला वाटलं, भाव वाढला.

अशा या कडक माणसाच्या राज्यात एकाच गोष्टीला मुभा होती, ती म्हणजे बिरूची मेंढरं. बिरू धनगर दरसाल उन्हाळ्यात, रान मोकळं झालं की, डोंगरातून खाली उतरायचा आणि उमापूरच्या अंगानं गोदाकाठाला जायचा. वाटेत दाजींच्या रानात तो मेंढरं बसवायचा. रानाला खत, बिरूला जवारी. बिरूचा बाप दाजींच्या बापाकडं असाच यायचा. पण दाजींच्या राज्यात नुसतं येऊन चालत नसे. बिरूनं कळप बांधापाशी थोपवायचा. दाजींनी टोपी घालून, चष्मा पुसून, बांधावर यायचं. मेंढरांकडं असं बघायचं की त्यांच्यातल्या एखादीचे कागद अपुरे असावेत. मग म्हणायचं, "तात्पुरता वापर. मंजूर हाय. पर वसरीकडं यायचं न्हाई." की सगळा कळप रानात घुसायचा, आणि पहिली मेंढी थेट ओसरीत शिरायची. मी हे पुष्कळदा पाहिलंय. अक्का ओरडायची, वास यायचा, कुत्री भुंकायची, आणि दाजी बिरूशेजारी उकिडवे बसून तंबाखू मळत इतके निवांत दिसायचे की त्या वेळी कुणी घराचे सगळे झोन उलटेपालटे केले असते तरी त्यांना कळलं नसतं.

मग आराखड्याचा नवा खर्डा आला आणि दाजींचं रान पिवळं झालं.

आता हे ज्याला कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडं रान हिरव्याचं पिवळं व्हावं म्हणून माणसं नवस करतात. पिवळं झालं की रानाला सोन्याचा भाव. शेजारच्या सगळ्यांची रानं पिवळी झाली तेव्हा गावातले पेढे संपले, घाटनांदूरहून मागवावे लागले. एकटे दाजी बाजेवर पडून राहिले. चारी बाजूंना चुन्याच्या खुणा पडायला लागल्या होत्या. डोंगरापासून गोदेपर्यंतच्या वाटेवर मेंढरं टेकायला आपल्याकडं एवढीच जागा उरली, आणि हीसुद्धा पिवळी राहिली तर बिरूची वाटच बंद, एवढं त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी हरकत टाकली.

सुनावणीला मी बरोबर होतो. साहेब बाहेरगावचे, पोरगेलेसे. सकाळपासून एकच गाणं ऐकून त्यांचे कान किटले होते. दाजी पुढं गेले तसं त्यांनी न बघताच लिहायला घेतलं. "हं काका, हिरव्याचा पिवळा."

"न्हाई सायेब. पिवळ्याचा हिरवा."

साहेबांची लेखणी थांबली. मागं बसलेली माणसं उठून उभी राहिली. कारकुनाला वाटलं, म्हातारा रंगात गोंधळतोय. त्यानं समोरच्या डब्यातली मिरची उचलून विचारलं, "काका, हिचा रंग सांगा बरं." दाजींनी मिरची हातात घेतली, वास घेतला, आणि म्हणाले, "तिखटाची हाय. तुमी खाऊ नका, तुमचा झोन नाजूक दिसतो."

हसणं ओसरल्यावर साहेबांनी विचारलं, "काका, पण का? लोक माझ्या पाया पडतात याच्यासाठी."

दाजी नकाशाजवळ गेले. रंगांवरून हळूच हात फिरवला. "सायेब, तुमी राहणाऱ्याला जागा केली. इकणाऱ्याला केली. मेलेल्याला बी केली, ही बघा वढ्याच्या कडंला. चालत्या माणसाला कोणता रंग हाय ह्याच्यात?"

साहेब उठून नकाशापाशी आले. दाजींच्या रानावर त्यांनी बोट ठेवलं. मग म्हणाले, "चारी बाजूंनी घरं होणार, मधीच शेती ठेवता येत नाही. पण या भागात बागेसाठी कुठं तरी आरक्षण दाखवावं लागणारच आहे. कुणी आपल्या जागेवर पडू देत नाही. बागेचा रंग हिरवाच असतो, काका."

"आन् बाग झाली म्हंजी मेंढरं?"

साहेबांनी कारकुनाकडं पाहिलं, कारकुनानं पंख्याकडं पाहिलं. "काका," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "बाग व्हायला वेळ लागतो."

दाजींनी मान डोलावली. शेजाऱ्यांच्या डोक्यावरची बला टळली म्हणून त्यांनी दाजींना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. घरी मात्र अक्कानं दोन दिवस इंडस्ट्रियल झोन बंद ठेवला. "साऱ्या गावाचं सोनं झालं आन् ह्यांनी आपल्या रानाची बाग करून आणली," एवढंच ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी दाजींनी स्वतः चुलीपाशी बसून पिठलं केलं. ते पिठलं चाखल्यावर अक्कानं उद्योग ताबडतोब पुन्हा सुरू केला.

पुढं सगळं साहेब म्हणाले तसंच झालं. चारी बाजूंनी दुमजली घरं आली, पाण्याच्या टाक्या आल्या, प्रत्येक फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' आलं. मधोमध दाजींचं रान तसंच राहिलं. एका कोपऱ्यात 'नियोजित उद्यान' अशी पाटी लागली, ती गंजून वाकली, तिच्यावर बिरू घोंगडी वाळत घालायला लागला. दरसाल मेंढरं यायची आणि कॉलनीतली माणसं गच्चीवर चढून बघायची. त्यांचीच एकदा तक्रार गेली. दाजींनी चौकशीला आलेल्या माणसाला पाटी दाखवली आणि सांगितलं, "बागेचं काम चालू हाय. सध्या खत टाकणं चाललंय."

दाजी मागच्या पावसाळ्यात गेले. दुपारी, ओसरीवरच्या बाजेवर, पिवळ्या पट्ट्याच्या आत.

या उन्हाळ्यात मी अक्काकडं गेलो. सतरंजी कुठं टाकू असं विचारलं तर म्हणाली, "टाक की कुठं बी. आता कोण बोलणार हाय?" मी बाजेकडं पाहिलं, मधल्या खोलीकडं पाहिलं, आणि शेवटी ओसरी आणि गोठ्याच्या मधल्या पट्टीत येऊन बसलो. चुन्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या.

संध्याकाळी घंटा वाजल्या. गल्लीच्या तोंडातून, दोन्ही बाजूंच्या फाटकांना घासत, मेंढरं आली. बिरू म्हातारा झालाय. त्यानं कळप बांधापाशी थोपवला आणि काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. मेंढरं रानाकडं बघत होती, बिरू घराकडं बघत होता. मी म्हणालो, "अरे बिरू, घाल की आत." तो हलला नाही. त्याला ऐकू गेलं नसावं असं वाटून मी पुन्हा म्हणालो. तो म्हणाला, "न्हाई मालक, मंजुरी यायचीय."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. अक्का पदराला हात पुसत बाहेर आली, बांधापर्यंत गेली. डोक्यावरचा पदर नीट केला. मेंढरांवरून तिनं एकदा नजर फिरवली, सगळ्या कळपावरून, सावकाश.

"तात्पुरता वापर," ती म्हणाली. "मंजूर हाय. पर वसरीकडं यायचं न्हाई."

कळप रानात घुसला. पहिली मेंढी थेट ओसरीत शिरली आणि बाजेखाली जाऊन बसली. अक्कानं तिला हाकललं नाही.