गुलदावदीची दवाई

बाबूजींच्या हातातल्या स्पिरिटच्या बाटलीतून आगीचा लोळ निघाला. बाटलीचं तोंड माझ्याकडे होतं. ते त्यांनी स्वतःच्या पोटाकडे वळवलं. मुद्दाम की हात झटकला, मला अजून ठाऊक नाही. स्वेटर भडकला. माझ्या पायाशी पाण्यानं भरलेली बादली होती. मी उभीच राहिले. शेजारची सून धावत गच्चीवर आली, तिनं ती ओतली.

तुम्ही टावर चौकात त्यांना पाहिलं असेल. रेल्वेतून रिटायर झालेले, खिशात पेनाऐवजी ड्रॉपर. आमचं दार त्यांच्या दाराला लागून. गच्चीवर गुलदावदीच्या, म्हणजे शेवंतीच्या, चाळीस कुंड्या, माती मी भरायची. मी चौथी शिकलेली. त्यांच्या दवाईचं नाव मला कधी जमलं नाही.

"नाव सोडा, मावशी. झाडात हे असतंच, आपण जरा वरून देतो. कळी लवकर धरते."

ती पूड नुसत्या पाण्यात विरघळत नसे. आधी थोड्या स्पिरिटमध्ये कालवायची, मग पाणी. मोजताना एकच बोलणं, "बूंद का काम बूंद से."

एकदा मी म्हटलं, "माझ्या नातवाला द्या दोन थेंब. उंची वाढेल."

"वाढेल ना. मग बांबूला बांधून ठेवा."

ते खरंच होतं. एका साली दवाई जास्त झाली आणि झाडं लांबलचक होऊन आडवी पडली. आठ दिवस बाबूजी एकेक झाड बांबूला बांधत बसले.

पहिली कळी दिसली की त्या कुंडीत पणती लावायची, हा त्यांचाच रिवाज. पण नियम पक्का: "पहले दवाई, फिर पूजा." स्पिरिट खाली कपाटात गेल्यावरच काडी ओढायची.

त्या सकाळी ते पाठमोरे बसून पूड कालवत होते. मला कळी दिसली. मी पणती लावली, त्यांच्या मागच्या कुंडीत ठेवली आणि ओरडले, "बाबूजी, आली बघा!"

"कुठं, कुठं?" म्हणत ते उघडी बाटली हातात घेऊनच वळले आणि कुंडीवर वाकले.

दवाखान्यात बाबूजी आपल्या मुलाला म्हणाले, "गलती माझीच. पणती मीच लावली."

मी पलंगाजवळ होते. तोंड उघडलं नाही. मुलगा माझ्या पाया पडला. "मावशी, तुम्ही जवळ होतात, तेवढंच बरं झालं."

तिसऱ्या दिवशी ते गेले. मी वाचले. अंगावर एक फोडसुद्धा नाही.