शिलंगणाला गेलेली गाडी

आमचा ट्रक चोरीला गेला तेव्हा चौघांनी त्याला धक्का मारला होता. तिघे शेजारचे आणि एक घरचा. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "खरंच?" खरंच. मला स्वतःला चोरीपेक्षा या धक्क्याचंच नवल जास्त वाटलं होतं.

लांब नाकाचा, गोल दिव्यांचा तो जुना ट्रक मी दसऱ्याच्या तोंडावर तेलगावात आणला. बायकोने ओवाळला आणि ओवाळता ओवाळताच विचारलं, "ह्याचं करायचं काय?" वडिलांसाठी आणला होता, दुसरं काय. त्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांची सगळी उमर असल्याच गाडीवर ड्रायव्हरकी करण्यात गेली. एकदा तरी पुन्हा तसं स्टेरिंग हातात धरायचं, एवढंच ते मागत होते. पण डोळ्यांत मोतीबिंदू. मी म्हणालो, आधी ऑपरेशन होऊ द्या, मग चालवा. तेव्हापासून ते रोज फडकं घेऊन काचा पुसायचे.

दसऱ्याला आम्ही गाडीला झेंडूचा हार घातला. चावी पूजेच्या ताटात ठेवली आणि ताट बॉनेटवर. पूजलेल्या वस्तूला शिलंगण होईपर्यंत, म्हणजे वेस ओलांडून आपट्याचं सोनं लुटेपर्यंत, आमच्याकडे कुणी हात लावत नाही. मग राखण कशाला करायची? मी पुरणपोळ्यांवर ताव मारून आडवा झालो. झोपेत इंजिनाचा आवाज आला, बरा वाटला, कूस बदलली.

उठून बघतो तर जागेवर तेलाचा डाग. ताट मात्र ओट्यावर नीट उतरवून ठेवलेलं, नारळसुद्धा कलंडला नव्हता. चावी तेवढी नव्हती.

"तुमचा मेस्त्री आलता की," शेजारी म्हणाले. "म्हणला, शिलंगणाला नेतो. चालू हुईना, म्हणून आमीच ढकलली." हार घातलेली गाडी, दसऱ्याचा दिवस आणि तोंडात शिलंगण हा शब्द. कोण कशाला अडवेल? एकाने तर जाणाऱ्या गाडीला नमस्कारही केला होता.

पोलीस ठाण्यातून जमादार आला, त्याने शेजाऱ्यांकडे बघून कपाळावर हात मारला. "चोराला धक्का दिला व्हय बे?" मग मला म्हणाला, फाटकाला कुलूप लावत चला. "बैल गेला अन् झोपा केला," बायको आतून म्हणाली. तिघा शेजाऱ्यांनी माणूस एकसारखाच सांगितला: उंच, किडकिडीत, मिशी सफाचट. दादाही धक्का मारणाऱ्यांत होते. ते म्हणाले, बुटका, जाडजूड, मिशीवाला. जमादाराने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं.

शिरूर कासारकडे कुणाला तरी तसला ट्रक दिसला, म्हणून मी तिकडे गेलो. ऊसतोडीला निघालेल्या ट्रकांची रांग लागली होती. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, वर पोरंबाळं. मी आपला प्रत्येक गाडीचं नाक बघत हिंडत होतो. तिथल्या ड्रायव्हरांना मी नाही नाही ते विचारलं. असली गाडी चोरून माणूस करतो काय? एक म्हणाला, भंगारात घालतो. मला ते पटेना. देवाचं ताट उतरवून ठेवणारा माणूस गाडी भंगारात घालेल? राग होताच, पण त्याहून जास्त मला तो माणूस कसा असेल याचीच उत्सुकता लागून राहिली.

हात हलवत घरी आलो आणि चहा पिताना दादांना हे सगळं सांगितलं.

"भंगारात न्हाई घालायचा तो," दादा म्हणाले. "करंगळी न्हाई त्याला, तरी गियर असा टाकतो, जरा आवाज न्हाई."

माझा कप तोंडाशीच राहिला. धक्का मारणारा गाडीच्या मागे असतो. मागून गियरवरचा हात कसा दिसतो?

"दादा, तुमी आत बसलता?"

त्यांनी आपला कप खाली ठेवला. मग सांगितलं. गाडी सुरू होऊन निघून गेली, शेजारी घरी वळले आणि दादा आपट्याची पानं आणायला चालत निघाले. मारुतीच्या वळणावर गाडी उभी. इंजिन चालूच. त्या माणसाने दार उघडलं आणि म्हणाला, बसा, तुमाला शिलंगणाला नेतो. थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, चालवता का? वेशीजवळ दादा पानं तोडायला उतरले आणि गाडी पुढे गेली ती गेलीच.

"मग जमादाराला मिशीवाला कावून सांगितला?"

"त्यानं मला चालवाय दिली."

संताप आला मला. चोराचा आला, दादांचा आला. ट्रक मी घ्यावा आणि दादांना त्याचं सुख भलत्याच माणसाने द्यावं, याचा तर सगळ्यात जास्त आला. जमादाराला खरं वर्णन कळवायला मी मोबाइल उचलला, नंबरही काढला. दादा माझ्याकडे बघत होते. अडवलं नाही त्यांनी. मी मोबाइल खाली ठेवला.

"कशी चालली?" मी विचारलं.

"स्टेरिंग लई जड हाय," दादा म्हणाले. "पर वेशीपतूर मीच नेली."