मार्गशीर्षातली आखाजी

वडील जाऊन दीड महिना झाला. त्यांच्याविषयी लिहायला बसले की आधी हेच आठवतं, की लहानपणी मी त्यांची असूनही त्यांच्याजवळ नव्हते.

मी चार वर्षांची असताना आई गेली आणि त्याच साली वडील पलटणीत भरती झाले. आईच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला तापीकाठच्या प्रकाशा गावी, आपल्या घरी आणलं. धानोऱ्याला वडिलांचे थोरले भाऊ होते. त्यांचं म्हणणं, पोर आमच्या कुळाची, ती आमच्याकडेच वाढावी. शेवटी दोन्हीकडची चार माणसं देवळाच्या ओट्यावर बसली आणि ठरलं: मुलगी वर्षभर आजोळी राहील, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाप येईल आणि आठ दिवस तिला घेऊन जाईल.

आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. आईची घागर तिच्या सासरीच भरायची, तेव्हा मुलगी तिथं असावी हे सर्वांना पटलं. खानदेशातल्या लेकी आखाजीला माहेरी येतात. मी उलट्या वाटेनं जाणार होते. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्षसुद्धा आखाजीपासून धरतात, त्यामुळे हीच तारीख सगळ्यांच्या तोंडी आली. लढाईवरच्या माणसाला नेमकी वैशाखात रजा कशी मिळेल, हे मात्र एकालाही सुचलं नाही.

दोन आखाज्या गेल्या. वडील कुठल्याशा वाळवंटात होते. बाप आल्याशिवाय पोर द्यायची नाही, असं म्हणून आबांनी मला पाठवलं नाही.

वडील आले ते मार्गशीर्षात. खाकी कोट घातलेला उंच माणूस अंगणात उभा राहिला आणि मी मामीच्या मागं लपले. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "मामा, पोरले आठ दिन लई जास."

आबा खाली बघत म्हणाले, "पंचसामने आखाजीनं ठरेल शे, पाव्हना. आते कोनती आखाजी?"

"पलटनले आखाजी समजत नही, मामा."

दाराआडून मामी म्हणाली, "साहेबले एक डांगर धाडानं व्हतं, मंग समजतं!"

वडील हसले. आबा हसले नाहीत. त्यांची भीती मला पुढे कळली. मी एकदा धानोऱ्याला गेले, की काका परत पाठवणार नाहीत. वडील पुन्हा लढाईवर जातील आणि मग मागायचं कोणाकडे? लेक गेली होती, आता तिची पोरही जाईल. आणि वडिलांना भीती अशी, की या वेळी नेली नाही तर पुढच्या रजेपर्यंत आपण उरू की नाही. दोघंही हे बोलले नाहीत. एकजण पंचांचा शब्द धरून बसला, दुसरा कोटाचं बटण फिरवत राहिला.

मामी उठली, कुंभाराकडून कोरी घागर घेऊन आली आणि ती वडिलांपुढे ठेवली. "मंग आज आखाजी करी टाका. पितरेसले कोन पंचांग वाची दाखाडस? वन्संना नावनी घागर भरा, नि पोरले परत लई या."

सुनेनं सासऱ्यासमोर इतकं बोलायची रीत नव्हती. आबांनी घागर बोटानं वाजवून पाहिली. मग म्हणाले, "लई जा."

नावेतून तापी ओलांडली आणि पुढं बैलगाडीत ती रिकामी घागर मी मांडीवर धरून बसले. धानोऱ्याला वडिलांनी स्वतः विहिरीचं पाणी काढून ती भरली. तोंडावर डांगर ठेवायचं, ते हिवाळ्यात कुठलं? पेरू ठेवला. काकूंनी कपाळावर हात मारला. आठव्या दिवशी काका म्हणाले, "पोर आपली, घर आपलं. परत काबर?" वडील म्हणाले, "सबद दिधा शे." आणि मला प्रकाशाला आणून सोडलं.

लढाई संपली, वडील कायमचे घरी आले. तेव्हा मी दहा वर्षांची होते. पुन्हा माणसं ओट्यावर बसली. आता हक्क वडिलांचाच होता, आबाही ते नाकारत नव्हते. पण वडील म्हणाले, "पोरलेच इचारा."

मी म्हणाले, "आठेच ऱ्हास."

इथंच राहीन, हे सांगायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही. इथली शाळा, इथलं घर, इथली माणसं माझी होती, आणि वडील म्हणजे आठ दिवस. ते "बरं" म्हणाले. मामीकडे पाणी मागून उभ्यानंच प्याले आणि नावेची वेळ झाली म्हणून निघाले.

पुढं ते भेटायला येत राहिले, माझ्या लग्नात सगळं त्यांनीच केलं. त्या उत्तराविषयी मात्र ते कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, त्यांना ते एवढं लागलं नसावं. आता वाटतं, शब्द पाळून त्यांनी मला परत आणलं, म्हणूनच आजोळ माझं राहिलं आणि मला ते उत्तर इतक्या सहज देता आलं. हे त्यांना सांगायचं राहिलं.